उच्चाराचा क्षण

नेदरलंड्समधील उत्रेख्त या शहरी, १८६५ नंतरच्या दोनतीन वर्षांत, एका प्रयोगशाळेत दोन माणसे एका कर्ण्याच्या तोंडाशी बसत आणि एकमेकांना निरर्थक अक्षरे ऐकवीत. एकाने ‘की’ म्हणावे आणि दुसऱ्याने ते कानी पडताच शक्य तितक्या त्वरेने ‘की’ म्हणूनच उत्तर द्यावे, एवढाच तो खेळ. बाहेरून पाहणाऱ्यास हा पोरखेळ वाटला असता. परंतु कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाला एक नाजुक पडदा ताणलेला होता, पडद्याला एक बारीक लेखणी जडविली होती आणि ती लेखणी काजळी धरलेल्या एका फिरत्या पिंपावर नागमोडी रेघ ओढीत होती. पहिल्या ‘की’ची थरथर आणि दुसऱ्या ‘की’ची थरथर यांच्यामध्ये जी सरळ रेघ उरे, तिची लांबी म्हणजे विचाराला लागलेला वेळ, असे तो प्रयोग करणाऱ्या गृहस्थाचे म्हणणे होते. त्या गृहस्थाचे नाव फ्रान्सिस्कस कॉर्नेलिस डाँडर्स. धंद्याने तो वैद्य, त्यातही डोळ्यांचा मोठा जाणकार; पण मानसशास्त्राच्या इतिहासात त्याचे नाव राहिले ते या काजळीवरच्या रेघांमुळे.

बोललेले उत्तर यंत्राकडून टिपून घ्यावयाचे आणि त्यावरून मनाचा व्यापार ओळखावयाचा, ही कल्पना येथपासून चालत आलेली आहे. आज एखाद्या विद्यापीठातील संशोधक संगणकाला मायक्रोफोन जोडतो, समोर बसलेल्या विद्यार्थ्यास चित्रे दाखवितो आणि विद्यार्थी जे शब्द उच्चारील ते संगणकाने आपोआप ओळखावेत अशी व्यवस्था करतो. ही व्यवस्था नवी दिसते. तिच्यातील अडचणी मात्र दीडशे वर्षांच्या जुन्या आहेत, किंबहुना काही त्याहूनही जुन्या आहेत.

त्या जुन्या अडचणींपैकी पहिली इंग्लंडातील ग्रीनिच येथील वेधशाळेत एका माणसाच्या पोटावर आली. आकाशातील तारा दुर्बिणीतील उभी तार नेमक्या कोणत्या क्षणी ओलांडतो याची नोंद त्या काळी डोळा आणि कान यांच्या मेळाने करीत. लंबकाच्या घड्याळाचे ठोके कानाने मोजावयाचे, तारा डोळ्याने पाहावयाचा आणि दोन ठोक्यांच्या मध्ये तारेवरून तो गेला असेल तर सेकंदाचा दहावा भाग अंदाजाने ठरवावयाचा. राज-ज्योतिषी नेव्हिल मॅस्केलीन याला असे आढळून आले की, आपला साहाय्यक डेव्हिड किनेब्रुक याच्या नोंदी आपल्या नोंदींहून मागे पडतात. १७९५ च्या ऑगस्टात हा फरक अर्ध्या सेकंदाचा होता. सूचना देऊनही तो पुढील जानेवारीपर्यंत आठ दशांश सेकंदांवर गेला. १७९६ मध्ये किनेब्रुकची नोकरी गेली. साहेबाचे घड्याळ बरोबर आणि कारकुनाचे चूक, हा कचेरीचा न्याय वेधशाळेतही चालत असे म्हणावयाचा. मॅस्केलीनने ही हकीकत आपल्या वेधांच्या ग्रंथात सरळपणे नमूद करून ठेवली, एवढे त्याच्या पदरात घातले पाहिजे. कारण त्या नोंदीमुळेच पुढे न्याय झाला. किनेब्रुक १८०२ मध्ये वारला. त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी क्योनिग्सबर्ग येथील ज्योतिषी बेसेल याने निरनिराळ्या निष्णात निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि त्याला दिसून आले की, दोन कसलेल्या ज्योतिषांतही एका सेकंदाहून अधिक अंतर पडू शकते. म्हणजे किनेब्रुक निष्काळजी नव्हता. प्रत्येक माणसाच्या पाहण्याला आणि ऐकण्याला त्याचा त्याचा वेळ लागतो, आणि मॅस्केलीनलाही तो लागत होताच.

या वेळाचा उगम कोठे, हा प्रश्न शरीरशास्त्रज्ञांनी हाती घेतला. मज्जातंतूंतून संदेश जाण्यास लागणारा काळ मोजताच येणार नाही इतका अल्प असावा, अशी योहानेस म्यूलर यांच्यासारख्या अधिकारी पुरुषाची समजूत होती. १८५० मध्ये त्यांचाच शिष्य हेल्महोल्ट्स याने बेडकाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून तो वेग मोजला, आणि तो सेकंदास तीस मीटरच्या आसपास, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्याही दहाव्या हिश्शाहून कमी निघाला. मनाच्या गतीला जी उपमा आपण देत आलो ती उपमाच राहिली.

डाँडर्सचे ‘की’चे प्रयोग या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे त्यांतील खुबी कळते. त्याने तीन तऱ्हा योजिल्या. पहिलीत ऐकणाऱ्यास आधीच ठाऊक असे की ‘की’ हेच अक्षर येणार आणि त्याने ‘की’ म्हणावयाचे. दुसरीत ‘का, के, की, को, कू’ यांपैकी कोणतेही येईल आणि जे येईल तेच उलट म्हणावयाचे. तिसरीत कोणतेही येईल, पण ‘की’ आले तरच बोलावयाचे, एरवी गप्प राहावयाचे. पहिल्या तऱ्हेत निवड करावी लागत नाही. तिसऱ्या तऱ्हेत ओळखावे लागते, परंतु कोणते उत्तर द्यावे याचा विचार पडत नाही. दुसऱ्या तऱ्हेत दोन्ही गोष्टी येतात. एका वेळातून दुसरा वजा केला की ओळखण्याचा वेळ वेगळा आणि निवडीचा वेळ वेगळा हाती येतो. पहिल्या आणि दुसऱ्या तऱ्हेतील अंतर सेकंदाच्या दहाव्या भागाहून थोडे कमी भरले. १८६८ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. वजाबाकीसारख्या प्राथमिक शाळेतील कृतीने मनाच्या आतील खोल्यांची मापे घेता येतात, ही गोष्ट त्या काळच्या विद्वानांना किती विलक्षण वाटली असेल!

येथे एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. डाँडर्सने या प्रयोगासाठी हाताऐवजी आवाज निवडला तो सोयीसाठी नव्हे. हाताने पाच निरनिराळी उत्तरे द्यावयाची तर पाच कळी हव्यात, आणि कोणत्या अक्षरास कोणती कळ हे आधी पाठ करावयास हवे. ऐकलेले अक्षर तसेच्या तसे म्हणून दाखविणे हे मात्र माणूस पाळण्यात असल्यापासून करीत आलेला असतो. मनाचे खरे काम मोजावयाचे असेल तर उत्तर देण्याची रीत त्याच्या अंगवळणी पडलेली असावी, हे त्याने जाणले होते. बोललेल्या उत्तराचा आग्रह मानसशास्त्रज्ञ आजही धरतात तो याच कारणासाठी. लहान मूल, लिहिता न येणारा शेतकरी, अर्धांगाने हात लुळा पडलेला रुग्ण, यांना कळफलकावर बसवून काय साधणार?

डाँडर्सच्या हाती जे यंत्र होते ते त्याचे स्वतःचे नव्हे. पॅरिसमध्ये छपाईच्या व्यवसायात वावरलेल्या एदुआर-लेऑं स्कॉत द मार्तिव्हिल या गृहस्थाने १८५७ मध्ये त्याचे स्वामित्व घेतले होते. ध्वनीने आपण होऊन आपले अक्षर कागदावर उमटवावे, एवढीच स्कॉतची महत्त्वाकांक्षा होती. उमटलेला ध्वनी पुन्हा ऐकावा हे त्याच्या स्वप्नातही नव्हते. एडिसनचा फोनोग्राफ यावयास अजून वीस वर्षे होती. रेघेशेजारी एका नादकाट्याची थरथरही उमटवीत. नादकाटा सेकंदास किती वेळा कंप पावतो हे ठाऊक असल्यामुळे रेघेवरचा काळ मोजता येई. या नादकाट्याची गोष्ट पुढे पुन्हा यावयाची आहे.

१८७९ मध्ये लाइप्झिग येथे व्हिल्हेल्म वुंट यांची मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू झाली. तेथे जेम्स मॅकीन कॅटेल नावाचा एक अमेरिकन तरुण दाखल झाला. काजळीवरच्या रेघा मोजण्यात दिवस जातात हे पाहून त्याने दोन सुटसुटीत साधने योजिली. पहिले ओठांचे: विजेच्या प्रवाहाची एक कळ ओठांत धरून ठेवावयाची, बोलण्यासाठी ओठ हलले की प्रवाह तुटे आणि सेकंदाचा सहस्रांश दाखविणारे हिप याचे घड्याळ थांबे. दुसरे आवाजाचे: मुखनळीत बोलले की तीवर ताणलेला पडदा हाले आणि त्याने प्रवाह तुटे. या दुसऱ्या साधनाची वंशावळ पुढे फार वाढली. इंग्रजीत त्याला ‘व्हॉइस की’ म्हणतात. मराठीत आवाजाची कळ म्हणावयास हरकत नाही.

या साधनांनिशी १८८६ मध्ये कॅटेलने दाखवून दिले की, छापलेला शब्द वाचून म्हणण्यास जेवढा वेळ लागतो त्याहून रंगाचे किंवा चित्राचे नाव सांगण्यास अधिक लागतो. गाढवाचे चित्र पाहून ‘गाढव’ म्हणण्यापेक्षा ‘गाढव’ ही अक्षरे वाचून तो शब्द म्हणणे जलद होते. शब्द वाचण्याची सवय इतकी मुरलेली असते की ते आपोआप घडते; रंगाचे नाव मात्र शोधून आणावे लागते, असे त्याने याचे कारण दिले. पन्नास वर्षांनी अमेरिकेत जॉन रिडली स्ट्रूप याने हेच सूत्र हाती घेऊन एक प्रयोग केला, आणि मानसशास्त्रातील सर्वांत प्रसिद्ध प्रयोगांत त्याची गणना होऊ लागली. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईने छापलेला आहे. वाचू नका, शाईचा रंग सांगा. श्रोत्यांपैकी कोणीही घरच्या मुलांवर हा प्रयोग करून पाहावा. जीभ हटकून अडखळते. १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात स्ट्रूपने आकडे दिले आहेत. नुसत्या रंगीत चौकोनांची शंभर नावे सांगण्यास सरासरी ६३.३ सेकंद लागले, आणि विसंगत शब्दांच्या शाईची शंभर नावे सांगण्यास ११०.३. एवढे काम करून हा गृहस्थ मानसशास्त्र सोडून बायबलच्या अध्यापनाकडे वळला, हाही एक नमुनाच.

परंतु स्ट्रूपने वेळ कशाने मोजला? साध्या स्टॉपवॉचने, आणि तोही संपूर्ण पानाचा. चूक झाली तर ती प्रयुक्ताने तेथल्या तेथे सुधारावयाची होती. सुधारण्याचा वेळही पानाच्या वेळात मिसळून जाई. प्रत्येक शब्दाचा वेळ वेगळा हवा, तर आवाजाची कळ हवी. आणि तो शब्द बरोबर होता की चूक हे कळावयास हवे, तर हातात पेन्सिल घेऊन शेजारी बसलेला माणूस हवा. कारण आवाजाच्या कळीला ‘केव्हा’ एवढेच कळते. ‘काय’ हे तिला कधीही कळत नाही. ‘लाल’ म्हटले काय किंवा खोकले काय, तिला दोन्ही सारखेच.

‘केव्हा’ आणि ‘काय’ या दोन्हींची जोड किती मोलाची असते हे झुरिक येथील बुर्गह्योल्झ्ली रुग्णालयात दिसून आले. त्यापूर्वी १८७९ मध्ये फ्रान्सिस गाल्टनने पंचाहत्तर शब्दांची यादी करून एकेक शब्द स्वतःपुढे धरावा आणि मनात काय येते ते वेळासह टिपावे, असा उद्योग केला होता. आपल्या मनाचे तळघर इतके अव्यवस्थित असेल असे त्याला वाटले नव्हते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कार्ल युंगने हीच रीत रुग्णांकडे वळविली. वैद्याने एक शब्द उच्चारावा, रुग्णाने मनात येईल तो पहिला शब्द बोलावा. वैद्याच्या हातात सेकंदाचा पाचवा भाग दाखविणारे स्टॉपवॉच. ‘पाणी’, ‘मासा’, ‘टेबल’ यांना झटझट उत्तरे येतात आणि एखाद्या साध्याच शब्दापाशी माणूस थांबतो, चाचरतो, ऐकलेलाच शब्द पुन्हा म्हणतो. युंगचे सारे लक्ष त्या थांबण्याकडे होते. जेथे उत्तर अडते तेथे मनात काही दुखते आहे, असा त्याचा सिद्धान्त. म्हणजे या प्रयोगात न आलेले उत्तर, उशिरा आलेले उत्तर, मध्येच तुटलेले उत्तर, हीच खरी सामग्री.

भारतात ही विद्या आली ती कलकत्त्यास. १९१५-१६ च्या सुमारास तेथील विद्यापीठात नरेंद्रनाथ सेनगुप्त यांनी प्रायोगिक मानसशास्त्राचे अध्यापन सुरू केले. ते हार्वर्डला म्यून्स्टरबेर्ग यांच्यापाशी शिकलेले, आणि म्यून्स्टरबेर्ग हे वुंट यांचे शिष्य. तेव्हा लाइप्झिगचे घराणे एका पिढीच्या अंतराने येथे पोहोचले म्हणावयाचे. पुणे विद्यापीठात १९५० मध्ये प्रा. कोठूरकर यांच्या नेतृत्वाखाली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग निघाला. प्रतिक्रियाकाल आणि शब्दसाहचर्य हे प्रयोग पदवीच्या वर्गांत पुढे इतके रुळले की, एकमेकांसमोर स्टॉपवॉच धरून बसलेल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या महाराष्ट्रात होऊन गेल्या.

आवाजाच्या कळीचे पुढे विजेच्या साधनात रूपांतर झाले. पडद्याऐवजी मायक्रोफोन आला; आवाजाची तीव्रता एका ठराविक पातळीच्या वर गेली की घड्याळ थांबे. दशकामागून दशके लोटली आणि वाचनासंबंधीचे, स्मरणासंबंधीचे शेकडो निष्कर्ष तिच्या आधारावर उभे राहिले. तिच्यावर विसंबणे कितपत योग्य, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. तो नेटाने विचारला गेला विसाव्या शतकाच्या अखेरीस.

दोष काय तो मराठी शब्दांवरून चटकन ध्यानी येईल. ‘मशाल’, ‘समई’ आणि ‘पणती’ या तीन वस्तूंची चित्रे एकामागून एक दाखविली आणि तिन्हींची नावे आठवावयास माणसाला अगदी सारखाच वेळ लागला, असे क्षणभर धरू. ‘म’ हा वर्ण पहिल्या क्षणापासून घुमतो. कळ ताबडतोब चालते. ‘स’ हा नुसता वाऱ्याचा सुसकारा. त्याची तीव्रता कळीच्या पातळीपर्यंत जातच नाही, आणि ‘समई’तील पहिला स्वर येईपर्यंत घड्याळ चालूच राहते. ‘प’ची आणखी निराळी तऱ्हा. तो उच्चारण्यासाठी ओठ आधी मिटतात; तोंडाने काम सुरू केलेले असते, पण बाहेर शांतता. यंत्राच्या मते तिघांचे वेळ भिन्न झाले. मन मात्र तिघांपाशी सारखेच चालले होते. उलट, प्रयुक्ताने विचार करताना जिभेने ‘च्च’ केले किंवा ‘अं’ म्हटले, की कळ आधीच मोकळी.

हा फरक सेकंदाच्या काही शतांशांचा आहे, त्याचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. परंतु वाचनाचे सिद्धान्त ज्या फरकांवर उभे आहेत तेही तेवढेच आहेत. एका जातीचे शब्द दुसऱ्या जातीच्या शब्दांहून दोनतीन शतांशांनी उशिरा वाचले जातात, एवढ्यावरून मेंदूत शब्दांचा कोश कसा रचलेला असेल याची चर्चा चालते. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी, आणि २००२ मध्ये केसलर, ट्रायमन व म्युलेनिक्स यांनी दाखवून दिले की, पहिला वर्ण कोणता यावर कळीची मोजणी मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. त्याच वर्षी रॅसल आणि डेव्हिस यांनी एकाच प्रकारच्या उच्चारांची मोजणी दोन प्रकारच्या कळींनी व शिवाय ध्वनिलहरीचे चित्र पाहून हातानेही केली, तेव्हा साधनागणिक निष्कर्ष बदलला. किनेब्रुकचे दुखणे यंत्राला जडले होते, आणि कोणी मॅस्केलीन ते पाहत नव्हता.

मग उपाय काय? सारे ध्वनिमुद्रित करावे, आणि माणसांनी बसून प्रत्येक उच्चार ऐकावा, आरंभ शोधावा, शब्द लिहावा. तीस प्रयुक्त, प्रत्येकाची चारशे उत्तरे, म्हणजे बारा हजार उच्चार. हे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे निबंधाच्या तळटीपेत येतात, आणि बहुधा तीही येत नाहीत. या कष्टांतून सुटण्याच्या इच्छेने मानसशास्त्रज्ञांची दृष्टी वाणी ओळखणाऱ्या यंत्रांकडे वळली.

त्या यंत्रांचा संसार निराळ्याच अंगणात वाढला होता. १९५२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ‘ऑड्री’ नावाचे माणसाच्या उंचीचे यंत्र शून्य ते नऊ हे अंक ओळखू लागले, पण ज्याच्या आवाजाला ते लावून ठेवले असेल त्याचेच, आणि त्यानेही प्रत्येक अंकानंतर थांबावयास हवे. १९६२ मध्ये सिअ‍ॅटल येथील जागतिक प्रदर्शनात आय. बी. एम. कंपनीने सोळा शब्द ओळखणारे यंत्र मांडले. १९६९ मध्ये बेलच्याच जे. आर. पिअर्स यांनी एक जाहीर पत्र लिहून या साऱ्या उद्योगाची रेवडी उडविली. बोललेले कळण्यासाठी भाषा कळावी लागते, आणि ती यंत्राला कळत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. पिअर्स यांचा आक्षेप खरा होता. त्यावरून काढलेले अनुमान मात्र कालाने खोटे ठरविले. आंध्रातील कातूर या खेड्यात जन्मलेले राज रेड्डी यांच्या मार्गदर्शनाखाली कार्नेगी मेलन विद्यापीठात १९७६ पर्यंत हजाराहून थोडे अधिक शब्द ओळखणारी योजना तयार झाली. रेड्डी यांना पुढे १९९४ चे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले. आय. बी. एम. मध्ये फ्रेडरिक येलिनेक आणि त्यांचे सहकारी यांनी भाषा समजून घेण्याचा नादच सोडला. हा ध्वनी ऐकू आला असता कोणता शब्द बोलला गेला असण्याचा संभव सर्वांत अधिक, आणि मागच्या दोन शब्दांनंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, एवढा हिशेब यंत्राने करावा. यंत्र समजत नाही, अटकळ बांधते. १९९७ मध्ये घरच्या संगणकावर सलग बोललेले लिहून देणारी योजना बाजारात आली ती याच हिशेबावर.

मानसशास्त्रज्ञाची पंचाईत येथेच होते. पत्र सांगणारा व्यापारी जे बोलतो ते बरेचसे अपेक्षित असते. म्हणून अटकळ साधते. प्रयोगात मात्र ‘कुदळ, ढग, आत्या, मेण’ असे शब्द येतात, ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही आणि तो नसावा म्हणूनच ते निवडलेले. निरर्थक अक्षरे तर कोणत्याही भाषेच्या कोशात नाहीत. आणि सर्वांत वाईट म्हणजे यंत्र चुका सुधारते. प्रयुक्ताने ‘हि... निळा’ म्हटले तर ते शहाण्या कारकुनाप्रमाणे ‘निळा’ एवढेच लिहून मोकळे होते. स्ट्रूपच्या प्रयोगात ते अर्धे ‘हि’ हाच तर पुरावा! खाडाखोड गाळून स्वच्छ प्रत काढणे हा दप्तरात गुण असेल. येथे तो पुरावा नाहीसा करण्याचा प्रकार आहे.

यावर तोडगा निघाला तो असा. उत्तरे मोजकीच असतील, चारपाच रंगांचीच, तर यंत्राला तेवढेच शब्द ऐकण्यास सांगावे. म्हणजे ओळख पुष्कळ पक्की होते. मराठीत यालाही एक फाटा आहे. ‘निळा’ म्हणावे की ‘निळी’ की ‘निळे’, आणि बोलताना ‘निळं’, हे प्रयुक्त मनात कोणती वस्तू धरतो यावर अवलंबून. इंदूरचा किंवा बडोद्याचा मराठी माणूस पटकन ‘नीला’ किंवा ‘ब्ल्यू’ही म्हणून जाईल. यादीत हे सारे घालावे लागते, नाही तर बरोबर उत्तर चुकीत जमा होते. दुसरी युक्ती कामाची वाटणी करण्याची: शब्द कोणता हे आधी ठरवून द्यावयाचे आणि तो लहरीत कोठून कोठपर्यंत पसरला आहे एवढेच यंत्राकडून शोधून घ्यावयाचे. अशा योजना संशोधकांना विनामूल्य उपलब्ध झाल्या. आवाजाच्या कळीपेक्षा त्या पुष्कळ बऱ्या, हे निःसंशय.

२०१८ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या संशोधकांनी सरळच प्रश्न केला: मानसशास्त्राच्या प्रयोगासाठी ही यंत्रे योग्य झाली आहेत काय? शब्दांची यादी दाखवून ती आठवेल तशी बोलून दाखविण्याचा जुना प्रयोग त्यांनी घेतला आणि माणसाने लिहिलेली प्रत यंत्राने लिहिलेल्या प्रतीशी ताडून पाहिली. स्मरणाचे जे ठळक नियम माणसाच्या प्रतीतून दिसतात ते यंत्राच्या प्रतीतूनही दिसले. लवकरच २०२० ची महामारी आली, प्रयोगशाळांना कुलपे लागली, आणि प्रयुक्ताने आपल्या घरी, आपल्याच संगणकापुढे बसून बोलावे ही नाइलाजाची रीत पुढे रूढ झाली. पंख्याची घरघर, शेजारचा रेडिओ, कुकरची शिट्टी, हे सारे आता नोंदीत येऊ लागले.

त्याच वर्षी एक गंभीर गोष्ट उघडकीस आली. पाच मोठ्या कंपन्यांच्या वाणी ओळखणाऱ्या योजनांची परीक्षा घेतली असता गोऱ्या अमेरिकनांच्या बोलण्यात शेकडा १९ शब्द चुकले आणि काळ्या अमेरिकनांच्या बोलण्यात शेकडा ३५. यंत्राला ज्यांचे बोलणे पुरेसे ऐकविले नव्हते त्यांचे त्याला कळले नाही, एवढाच याचा अर्थ. पण हेच यंत्र स्मरणशक्तीच्या प्रयोगात बसविले, तर ज्यांचे शब्द यंत्राला ओळखता आले नाहीत त्यांची स्मरणशक्तीच कमी, असा निष्कर्ष छापून येईल. चंदगडची बाई, वऱ्हाडातील मजूर, तंजावरच्या मराठी घराण्यातील वृद्ध यांचे उच्चार पुण्याच्या वृत्तनिवेदकासारखे नाहीत. भारतीय भाषांसाठी सरकारने २०२२ मध्ये ‘भाषिणी’ ही योजना हाती घेतली, मद्रासच्या आय. आय. टी. मध्येही हे काम चालते, आणि बोलीतील आवाज गोळा करणे हा त्या कामाचा मोठा भाग आहे.

२०२२ मध्येच ‘व्हिस्पर’ नावाची योजना आली. ६,८०,००० तासांचे बोलणे तिला शिकविण्यासाठी वापरले होते. अनेक भाषांत तिची ओळख चांगली ठरली आणि संशोधकांनी ती झटपट स्वीकारली. दोनच वर्षांनी असे आढळले की, तपासलेल्या नोंदींपैकी सुमारे एक टक्का ठिकाणी तिने कोणीही न बोललेली वाक्ये लिहिली होती. मेंदूच्या विकाराने ज्यांची वाणी अडखळते अशा रुग्णांच्या बाबतीत हे अधिक घडले, कारण त्यांच्या बोलण्यात थांबणे फार असते. शांतता आली की यंत्र तेथे काहीतरी संभवनीय भरते. युंग हातात स्टॉपवॉच धरून ज्या शांततेची वाट पाहत बसे, तीच ही शांतता. म्हणून सावध संशोधक यंत्राच्या प्रतीशेजारी मूळ ध्वनिमुद्रण जपून ठेवतात, आणि शंभरातील काही उच्चार तरी माणसाच्या कानाखालून घालतात.

स्कॉतच्या कर्ण्याने काजळीवर ओढलेल्या रेघांचे काही कागद पॅरिसच्या संग्रहांत राहिले होते. १८६० मधील अशा एका कागदावरची रेघ २००८ मध्ये संगणकाच्या साहाय्याने प्रथमच आवाजात उतरविण्यात आली, आणि जगाने एका फ्रेंच लोकगीताचे काही सूर ऐकले. आवाज कोवळा होता. एखादी मुलगी गात असावी असे सर्वांनी मानले. मग शेजारच्या नादकाट्याच्या रेघेविषयी पुन्हा विचार झाला. त्या काळचे फ्रेंच शास्त्रज्ञ पुढे-मागे होणारी प्रत्येक हालचाल वेगळी मोजीत, त्यामुळे पाचशे म्हणून लिहिलेली कंपने आजच्या हिशेबाने अडीचशेच भरत होती, आणि रेघ दुप्पट वेगाने वाजविली गेली होती. २००९ मध्ये ती अर्ध्या वेगाने वाजविली. मुलीच्या जागी एक प्रौढ पुरुष सावकाश, अडखळत गाताना ऐकू आला. तो बहुधा स्वतः स्कॉतच असावा.